पुलावरची बोलणी

बस कधी थांबली ते तिला कळलं नाही. धक्का बसला तो खिडकीबाहेर नजर गेल्यावर. चौकाच्या कडेला, माणसाच्या दुप्पट उंचीच्या फलकावर, तिची थोरली जाऊ तोंड उघडून उभी होती. जाऊबाईंना देवाघरी जाऊन एक पिढी उलटली होती, आणि भर सकाळी, बँक आणि चपलांचं दुकान यांच्या मधोमध, त्या तिच्याकडेच बघत होत्या. कपाळाला चिकटलेली बट, कामाच्या डगल्याचं वरचं तुटलेलं बटण, ताणलेला जबडा. फोटो ओळखीचा होता, पण एवढा मोठा तिने कधी पाहिला नव्हता. खाली जाड काळ्या अक्षरांत एकच शब्द लिहिला होता : मौन. आणि त्या शब्दाखाली तरुण पोरापोरींची रांग हातात हात घालून चौकाच्या या टोकापासून तळ्याच्या कुंपणापर्यंत उभी होती. प्रत्येकाच्या तोंडावर काळी चिकटपट्टी. फलकाची काठी जिने दोन्ही हातांनी धरली होती, तिच्या तोंडावरही पट्टी होती, आणि ती तिची नात होती.

तिने खिडकीच्या काचेवर तळहात टेकवला. बसमध्ये लोक कुरकुरत असावेत. पुढच्या सीटवरचा माणूस मनगट वर करून करून घड्याळ बघत होता, आणि शेजारची जाडजूड बाई पिशवी मांडीवर घट्ट धरून काहीतरी बोलत होती. तिला ओठांवरून त्यातलं अर्धंमुर्धं कळलं. “...भरायचं तर भरू दे ना तळं... कामाच्या वेळेला...” ड्रायव्हरने इंजिन बंद करून मान मागे टाकली होती. तरीही काच थरथरत होती. तिने हात हलवून पुन्हा टेकवला. थरथर बसची नव्हती, बाहेरून येत होती. रांगेच्या पलीकडे, तळ्याच्या तोंडाशी, पिवळं खोदायचं यंत्र उभं होतं, त्याचा दात्यांचा पंजा वर उचललेला, आणि काचेच्या केबिनमध्ये एक माणूस. ते यंत्र चालू होतं. कानांनी कधीच साथ सोडली होती तिची, पण तळहात अजून गिरणीतले होते. कुठलं यंत्र चालू आणि कुठलं बंद, हे त्यांना विचारावं लागत नसे.

खरं तर ती कानांसाठीच निघाली होती. कानाच्या डॉक्टरकडे आज मशीन बसवून घ्यायचं ठरलं होतं. “मी येतो सोबत,” मुलगा म्हणाला होता. “मी काय तान्ही आहे? बसने जाते,” ती म्हणाली होती. तेवढ्यात चहाच्या टेबलावर बापलेकीची जुंपली. मुलाचं म्हणणं असं, की उभं राहून तळी वाचत नाहीत, नोकऱ्या मात्र जातात. नात उठली. बशीतला तुकडा तसाच ठेवून, चपला घालून, दार ओढून गेली. दार आपटल्याचं जमिनीतून पायाला कळलं. आदल्या संध्याकाळी नात तिच्या खोलीत येऊन पलंगाच्या कडेवर बसली होती. “आजी, तू ये ना उद्या. माझी आजी त्या पुलावर होती, असं सांगितलं मी सगळ्यांना. काही करू नको, नुसती उभी राहा.” तिने सुरकुतलेला हात झटकला. “नुसतं उभं राहायला मी काय दिव्याचा खांब आहे?” “मग तुम्ही तेव्हा काय केलंत? गप्प उभ्या राहिलात ना?” “गप्प?” ती म्हणाली, आणि पुढचं सगळं एकदम जिभेवर गोळा झालं, इतकं, की त्यातलं पहिलं कुठलं काढावं ते सुचेना. नातीला वाटलं आजीला राग आला. ती उठून गेली.

गप्प! आयुष्यात एवढं बोलणं पुन्हा कधी झालं नव्हतं.

गिरणीच्या साचेखात्यात पहिल्या दिवशी शिरली तेव्हा तिला वाटलं होतं, आपण आंधळेच झालो. आवाज इतका, की डोळ्यांसमोर काही उभंच राहीना. ओळीने साचे, म्हणजे कापडाचे माग, प्रत्येकात धोटा आडवा धागा घेऊन इकडून तिकडे आपटत जाणारा, आणि त्या कल्लोळात शे-दीडशे बायका शांतपणे ओठ हलवत होत्या. आधी तिला वाटलं, सगळ्या काहीतरी चघळतायत. मग समोरच्या साच्यावरून जाऊबाईंनी दोन बोटं गालावर टेकवली आणि तिच्याकडे बघून तोंड मोठं मोठं उघडलं-मिटलं. ‘तुझ्या धाग्याकडे बघ, माझ्या तोंडाकडे काय बघतेस?’ हे तिला पुष्कळ दिवसांनी समजलं. त्या दिवशी ती नुसती हसली, आणि धागा तुटला. गालावर दोन बोटं म्हणजे ‘इकडे बघ, बोलायचंय’. खात्याचा हा एकच नियम होता. बोटं न टेकवता कुणाशी बोलणं म्हणजे न खाकरता दुसऱ्याच्या घरात शिरणं. आवाज काढायचा नाही, वाया जातो. ओठ, जीभ, दात, जबडा यांनीच शब्द असा घडवायचा, की तो खात्याच्या दुसऱ्या टोकाला, कापसाच्या धुरळ्यातून, आहे तसा पोचावा. घरी ती जाऊबाईंना ‘तुम्ही’ म्हणायची, वाकून वाढायची, त्या बोलत असताना मध्ये तोंड घालायची नाही. साच्यावर मात्र ‘तू’. ‘तुम्ही’ला ओठ मिटावे लागतात, वेळ जातो, तेवढ्यात धोटा निसटतो. म्हणून भोंगा वाजला, की नात्यातला सगळा मान फाटकाबाहेर राहायचा आणि आत दोघी मैत्रिणी. ती जाऊबाईंना तिथे काय काय बोलली होती! आणि त्याही. सुटीचा भोंगा झाला, की पुन्हा डोक्यावर पदर घेतल्यासारख्या दोघी गंभीर होऊन घरी चालत यायच्या.

गावात जाऊबाईंचं नाव कर्णा पडलं होतं. साच्यांनी कान गेल्यामुळे खात्याबाहेर त्यांना स्वतःचा आवाज कळत नसे. दुकानात मीठ मागितलं, की नदीपलीकडे कळायचं कर्णाच्या घरातलं मीठ संपलं. त्यांचा नवरा म्हणे, “आमच्यात भांडण होत नाही. होतं ते जाहीर सभा.” अशी बाई. आणि तिच्याच फोटोखाली आता मौन!

खिडकीबाहेर नातीने काठीवरचा एक हात काढून घाम पुसला. पट्टीच्या कडेने तिचे गाल लाल झाले होते. सकाळपासून काही खाल्लं नसणार. लहानपणी ही जेवणाच्या टेबलावर समोर बसायची, आणि मुलगा पेपरात डोकं घालून बसला, की आजीची दोन बोटं गालावर जायची. ‘तुझ्या बापाने आज पुन्हा उलटा सदरा घातलाय.’ पोर इतकी खिदळायची, की पाणी नाकातून यायचं. हळूहळू तीही बोलायला लागली, ओठांनी, अस्सल खात्यातल्यासारखं. ‘ल’साठी जीभ दातांमागे नीट दाखवायची, ‘प’ आणि ‘ब’मधला फरक गालाने करायची. तिला वाटायचं हा आजीचा खेळ आहे. आजीने तरी कधी सांगितलं, की खेळ नव्हे ही, भाषा आहे, हिच्यावर एक गाव पोटभर जेवलं आणि एक गाव वाचलं? सांगायला जावं, तर लोक हसत आणि मान डोलावत. “खरंय हो आजी, मौन हीच तुमची भाषा होती.” मग ती गप्प बसे. तेवढ्यापुरती खरोखरची गप्प.

गावाच्या वर दगडाची जुनी खाण होती. खाणीत पाणी साठायचं आणि खालच्या सगळ्या विहिरींना तेच झिरपून यायचं. एका हिवाळ्यात गावात कळलं, की लांबच्या कारखान्यांचं उरलंसुरलं विष पिंपांत भरून त्या खाणीत ओतायचं ठरलंय. परवानगीसुद्धा झालेली. ट्रक यायला रस्ता एकच, आणि रस्त्यावर नदीचा एकच पूल. पहिल्या दिवशी शहरातून पुढारी आले, चांगली, तळमळीची माणसं. त्यांनी पुलावर भाषणं केली, घोषणा दिल्या, आणि दुपारपर्यंत सगळे पोलिसांच्या गाडीत बसून गेले. कारण वरून हुकूम निघाला होता : पुलावर घोषणा, भाषण, गाणं, वाद्य, काही नाही. आवाज केला, की अटक. पोलिसांच्या साहेबांनी तो हुकूम दोनदा मोठ्याने वाचला. पहिल्या पाळीच्या बायका नुकत्याच सुटून आल्या होत्या, डोक्याला कापूस चिकटलेला. त्यांनी ऐकलं, म्हणजे साहेबांच्या तोंडाकडे बघितलं. मग जाऊबाईंनी गालावर दोन बोटं टेकवली. ‘झालं का याचं? मग उभ्या राहा गं नीट. मागच्या पुढे या. साचा रिकामा ठेवायचा नाही.’

साचा रिकामा ठेवायचा नाही. त्यानंतरचा सगळा हिवाळा त्या एका वाक्यावर निघाला. पहिली पाळी सुटली, की ती पुलावर; दुसरी सुटली, की ती. जिची जागा घ्यायची तिच्यासमोर जाऊन उभं राहायचं, ती दिवसभराचं सगळं सांगणार, मग बाजूला होणार. ज्यांचे नवरे कुरकुरले, त्यांचे नवरे चार दिवसांनी स्वतःच मुलं काखोटीला मारून पुलाच्या कठड्याशी उभे दिसायला लागले. थंडी अशी, की ओठ फुटायचे, आणि फुटलेल्या ओठांनी बोलणं म्हणजे शिक्षा, तरी बोलणं काही थांबत नव्हतं. वरच्या वाटेने कुणी येतंय का, घाटातली टेहळणी कुणाकडे, कुणाची चूल पेटवून द्यायची आहे, कुणाच्या लेकराला ताप आहे. साहेबांच्या नाकासमोर सगळा कारभार चालला होता. आणि त्यातच, काम नसलं की, साहेबांच्या मिशा. त्या रंगवलेल्या आहेत की मुळातच तशा काळ्या, यावर पुलावर दोन तट पडले होते. साहेबांना वाटलं, बायका प्रार्थना म्हणतायत. सज्जन माणूस, एकदा संध्याकाळी टोपी काढून बाजूला उभा राहिला. तेव्हा हसू आवरताना तिचं पोट दुखून आलं होतं. साहेबांच्या मागे एक तरुण शिपाई असायचा, चेहऱ्याने दगडासारखा. त्याची बदली झाली तेव्हा निघताना तो कठड्यापाशी थांबला, इकडेतिकडे बघितलं, दोन बोटं गालावर टेकवली. सगळा पूल थिजला. ‘रंगवतो,’ त्याचे ओठ म्हणाले. ‘दर रविवारी.’ आणि मग, ‘माझी आई साच्यावर होती.’ म्हणजे तो सगळं वाचत होता. हिवाळाभर. आणि त्याने कुणाला चकार शब्द सांगितला नव्हता.

तिने डोळे मिटून घेतले. नदीचा गार, लोखंडी वास नाकात आला, कठड्याचा बर्फासारखा स्पर्श, खांद्याला खांदा. त्या पुलावर आपण देखण्या होतो, असं तिला उगाचच वाटलं. गिरणीत कुणाला बघायला वेळ नव्हता, घरी आरसा अंधारात होता, पण पुलावर, सगळ्यांनी सगळ्यांच्या तोंडाकडे बघत राहायचं असल्यामुळे, बाया एकमेकींना पहिल्यांदा पूर्ण दिसल्या. त्या सबंध गावाला स्वतःचा चेहरा सापडला. नंतर तिने शहर बघितलं, मुलाचं लग्न बघितलं, लिफ्टचं घर बघितलं, पण ताठ मानेने उभं राहणं म्हणजे काय, हे तिच्या मानेला तेवढंच एकदा शिकवलं गेलं होतं आणि ते मान अजून विसरली नव्हती.

मग ट्रक आले. ओळीने, पिंपांनी भरलेले, इंजिनं घुरघुरत. साहेब हात हलवून बाजूला व्हायला सांगत होते. बाजूच्या टेकाडावर शहरातले नवे लोक जमले होते, ते ओरडत होते, पण त्या घुरघुरीत त्यांचं काही कुणापर्यंत पोचत नव्हतं. पहिला ट्रक हळूहळू पुढे सरकत जाऊबाईंच्या डगल्याला टेकला. ती त्यांच्या शेजारीच होती. ट्रकच्या पुढच्या पत्र्याची ऊब तिला पोटावर लागत होती. सगळ्यांना वाटलं, आता कर्णा वाजणार. एक हाक, आणि सगळ्या पोलिसांच्या गाडीत. तिने जाऊबाईंच्या मनगटाला धरलं. जाऊबाईंनी मनगट सोडवून घेतलं. वर काचेमागे ड्रायव्हर होता, दाढी वाढलेला, डोळे लाल, पुढ्यात कुठेतरी लांब बघणारा. त्यांनी मान वर केली, दोन बोटं गालावर ठेवली, आणि तो बघेपर्यंत तशाच थांबल्या. त्याने शेवटी बघितलं. मग त्यांनी तोंड उघडलं. आवाज नाही. इंजिनाच्या गोंगाटातून, काचेतून, धुरातून, साच्याच्या या टोकाहून त्या टोकाला बोलावं तसं, मोठं, सुटं, सावकाश :

‘जेवलास का?’

टेकाडावरच्या कुणीतरी तेव्हाच फोटो काढला. तोच हा. ‘किंकाळी गिळणारी स्त्री’ असं त्याच्याखाली पहिल्यांदा छापून आलं, नंतर ‘निःशब्द’, नंतर ‘मौन’. एका प्रदर्शनात तो काचेच्या चौकटीत लावला होता, आणि त्यापुढे एक चष्मेवाला, भला माणूस, त्या उघड्या तोंडात किती वेदना साठली आहे ते समजावून सांगत होता. ती जवळ जाऊन बघत राहिली. जिभेचं टोक वरच्या दातांमागे टेकलेलं स्पष्ट दिसत होतं. किंकाळीला कुणी जीभ अशी लावत नाही. तो ‘ल’ होता. ‘जेव’पर्यंत झालेलं होतं, ‘लास’ व्हायचं होतं. जाऊबाई त्या चौकटीत इतकी वर्षं एका दमलेल्या माणसाला जेवलास का विचारत थांबल्या होत्या, आणि वाक्य पुरं होत नव्हतं.

ड्रायव्हर आधी नुसता बघत राहिला. मग मान हलवली. नाही. जाऊबाईंनी हाताने खूण केली, खाली ये. त्याने इंजिन बंद केलं. ते पायांना आधी कळलं. पुलाची थरथर एकदम गेली, आणि नदी ऐकू आली. तो उतरला, कठड्यावर बसला आणि जाऊबाईंच्याच डब्यातलं जेवला. “सगळे माझ्याकडे बघून बोंबलत होते,” तो घास गिळत म्हणाला, “एक अक्षर कळत नव्हतं. ही एकटी बाई काहीतरी कामाचं विचारत होती.” जेवून झाल्यावर त्याने पिंपात काय आहे म्हणून विचारलं, त्याला कुणी सांगितलंच नव्हतं, नुसते डोळे चुरचुरत होते वाटभर. मग तो ट्रक पुढे गेला नाही. मागचे कसे जाणार? हिवाळा संपता संपता परवानगी मागे घेतली गेली. जाऊबाईंना तिने घरी विचारलं होतं, “जाऊबाई, त्या वेळी तुम्हाला तेच कसं सुचलं हो?” सगळ्या आळीला ऐकू जाईल अशा आवाजात त्या म्हणाल्या, “मग काय विचारणार होते? गाडीचा नंबर?”

पुढे नाव झालं. मुकं गाव, म्हणून. गाव आधी पोट धरधरून हसलं, मग त्याला नावाचा अभिमानही वाटायला लागला. लांबलांबची माणसं यायची. कुठे धरण, कुठे जंगल, कुठे समुद्राकाठचा कारखाना. त्या बायकांना नेऊन विचारायची, कसं उभं राहायचं. त्या पाळ्या लावून द्यायच्या, साचा रिकामा ठेवायचा नाही, म्हणून सांगायच्या. उभं राहणं सगळ्यांनी उचललं. बोलणं राहून गेलं. ते शिकायला आवाजात वाढावं लागतं. पुढे गिरणी बंद झाली, घरं रिकामी झाली, बायका एकेक करून गेल्या. खाण मात्र आहे. पाणी इतकं नितळ, की तळाचा दगड दिसतो, आणि उन्हाळ्यात पोरं कडेवरून उड्या मारतात. त्या पाण्याकडे बघून तिला दर वेळी वाटे, हे आपण बोलून वाचवलंय.

शेजारच्या बाईने कोपराने ढोसलं. बाईचे ओठ दयेने लांबट झाले होते. “किती गप्प उभी आहेत बिचारी!”

चौकात यंत्राचा पंजा हलला. रांग मागे झुकली आणि पुन्हा सरळ झाली. नातीने काठी घट्ट धरली. फलकावरच्या जाऊबाई डुलल्या. रांगेतला एक मुलगा पट्टीखालून काहीतरी ओरडत असावा, मानेच्या शिरा फुगल्या होत्या, आणि केबिनमधला माणूस समोर कुठेतरी लांब बघत होता. तिला तो चेहरा ठाऊक होता. दाढी नव्हती एवढंच. तोंडाला पट्टी? जाऊबाईंच्या फोटोखाली, या पोरांनी, इतक्या मानाने, नेमकी तीच गोष्ट बांधून टाकली होती.

ती उठली. गुडघ्यांनी तक्रार केली ती ऐकली नाही. दोन बोटं गालावर टेकवली आणि काचेला जवळजवळ नाक लावून उभी राहिली. बोटं टेकवलीत, की समोरच्याने बघेपर्यंत थांबायचं. कंडक्टर आला. त्याचे ओठ म्हणाले, “आजी, उतरायचंय का?” “नाही,” ती मागे न बघता म्हणाली, “बोलतेय.” तो बाहेर बघून गोंधळला. नात तळ्याकडे बघत होती, यंत्राकडे, आकाशाकडे, सगळीकडे, फक्त इकडे नाही. बघ ना गं. साच्यावर असतीस तर धागा तुटला असता एव्हाना. मग पोरीने घाम पुसायला मान वळवली आणि तिची नजर बसच्या खिडकीवर अडली.

ओठ सुरकुतलेले होते, दात अर्धे दुसऱ्याचे होते, पण तिने जीभ वरच्या दातांमागे नीट टेकवली, दिसेल अशी, आणि शब्द अख्खा पलीकडे पाठवला.

‘जेवलीस का?’

नात बघत राहिली. मग तिची नजर वर गेली, फलकावर, त्या उघड्या तोंडावर, त्या जिभेच्या टोकावर. खाली आली. पुन्हा वर गेली. तिचे डोळे मोठे होत गेले. तिने पट्टीचं टोक नखाने उचकटलं आणि एका झटक्यात ओढून काढलं. वेदनेने चेहरा आंबट झाला, ओठांभोवती लाल चौकोन उठला.

‘नाही,’ लाल चौकोनाच्या मधोमध ओठ हलले. ‘तू परवा “गप्प?” म्हणून थांबलीस, म्हणजे... हे? हे होतं?’

‘माझ्याकडे काय बघतेस?’ ती म्हणाली. ‘त्याला विचार.’

नातीने फलक शेजारच्या मुलाच्या हातात दिला. रांग सोडली नाही, एक पाऊल फक्त पुढे टाकलं, यंत्राकडे तोंड केलं. आता तिची पाठ दिसत होती, वेणी, आणि उजवा हात गालाकडे वर गेलेला. ती थांबली होती. तो बघेपर्यंत थांबायचं, हे तिला कुणी सांगावं लागलं नव्हतं. केबिनमधल्या माणसाचा चेहरा खाली वळला. कपाळाला आठी पडली. त्याने मान थोडी पुढे काढली, न कळल्यासारखी. पोरीने पुन्हा सांगितलं असणार, कारण आठी हळूहळू सुटली, आणि तो माणूस, जणू इतक्या दिवसांत हे आठवायचंच राहून गेलं होतं, असा विचारात पडला.

काचेवर तिचा तळहात होता. काच थरथरत होती, थरथरत होती, आणि मग थांबली.

“काय झालं?” शेजारच्या बाईने विचारलं असावं. “काय म्हणाली ती?”

जाऊबाईंच्या वाक्यातला राहिलेला शब्द पुरा झाला होता, आणि ती, ताठ मानेने, केबिनमधल्या माणसाच्या ओठांवरचं पुढचं बोलणं वाचत होती.